आवक क्रमांक ३१८

खडकी बाजारामागच्या आमच्या दोन खोल्यांत
पेन बाहेर ठेवून यावं लागतं.
आत फक्त पेन्सिल. चहा नाही, पाणी नाही,
पान उलटायला बोटाला थुंकी नाही.
एवढं सांगून होईपर्यंत
मुरलीधर कोंढाळकर ट्रंक घेऊन आत आले होते
आणि तिच्यावरच बसले होते, दम खात.

हिरवी ट्रंक. पांढऱ्या रंगात नंबर, नाव, हुद्दा.
'नाईक' खोडून वर 'हवालदार',
पण खोडलंय ते वाचता येईल इतपतच.

मी एकेक काढत गेले, ते सांगत गेले.
डिस्चार्ज बुक.
कसरीनं खाल्लेला फोटो,
उरलेत फक्त सात जणांचे बूट आणि एक फुटबॉल.
रजा नामंजूर. रजा नामंजूर.
रजा मंजूर, आणि तिच्याच पाठीवर हिशेब :
लुगडं एक, बत्तासे पावशेर,
बांगड्या नाहीत, माप माहीत नाही.

पासष्टच्या लढाईबद्दल
एवढ्या कागदांत एकच वाक्य सापडलं :
'इकडील हवा ठीक आहे, आवाज फार.'
बांधाच्या भांडणाचे मात्र एकशे बारा अर्ज.
तलाठी, मामलेदार, प्रांत, पुन्हा तलाठी.
प्रत्येकाखाली सही, सहीखाली 'माजी सैनिक',
दरसाल जरा मोठ्या अक्षरात.
'युद्धकाळ' असा एक शिक्का करून आणलाय आम्ही.
कुठल्या खोक्यावर मारायचा
ते अजून ठरलेलं नाही.

तळाशी बुटाच्या नाडीनं बांधलेली निळी पत्रं,
सगळी ५६ ए.पी.ओ.च्या पत्त्यावर,
सगळी एकाच वळणदार हातची.
'आईला अक्षर नव्हतं,' ते म्हणाले.
'दापोड्याच्या शाळेचे मास्तर लिहून द्यायचे.
ती सांगायची, म्हैस आटली.
ते लिहायचे, दुभत्याची किंचित अडचण आहे.'

तेविसावं उघडलं तर आत मजकूरच नाही.
एका पावलाभोवती ओढलेली रेघ.
लहान मूल, उजवा पाय.
करंगळीपाशी पेन्सिल हललीय,
किंवा पाय.
टाचेवरून घडी इतक्यांदा गेलीय
की कागद तिथे कापडासारखा झालाय.

'मे महिना असेल,' ते म्हणाले.
'मास्तर सुट्टीवर.'

मी पट्टी लावली. साडेअकरा सेंटिमीटर.
पृष्ठे : एक.
स्थिती : घडीवर जीर्ण, घामाचे
(हा शब्द आमच्यात वापरत नाहीत, पुसला) डाग.
दिनांक : शिक्का पुसट.
लेखक : हौसाबाई सखाहरी कोंढाळकर.
भाषा :

यादीत मराठी आहे, हिंदी आहे, इंग्रजी,
रोमन लिपीतली उर्दूसुद्धा आहे.
शेवटी 'इतर' आहे.
मी पेन्सिलीला टोक करायला उठले.

परत आले तर ते वाकून बघत होते,
चष्मा वर करून, मग खाली करून,
हात पाठीमागे बांधलेले,
जसं मी सुरुवातीला सांगितलं होतं.
टेबलाखाली चपलेतला उजवा पाय
जरासा पुढे सरकला.
'आता नऊ नंबर लागतो,' म्हणाले.
मला, की कागदाला.

पावतीवर सही झाली. खिशाकडे गेलेला हात
आठवून परत आला, पेन्सिलीवर.
दारापर्यंत जाऊन वळले :
'ट्रंक तेवढी परत मिळेल का?
ज्वारीला बरी पडते.'

नोंदवहीत वस्तू पहिली म्हणून
ट्रंक चढवून झाली होती.
मी खोडली. वाचता येईल इतपतच.

मग एकेक कडी धरून
दोघांनी ती खाली नेली.
जिन्यात दोनदा आपटली,
रिकामी, त्यामुळे
आवाज फार.